युरोपला हमी, काशीला जाहिरात

काशी विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाइल चालत नाही. त्यामुळे मंदिराच्या वाटेवर फुले-प्रसाद विकणाऱ्या दुकानांतून छोटे लॉकर असतात. प्रसादाची टोपली घ्यायची, फोन लॉकरात टाकायचा आणि किल्ली सांभाळत रांगेत उभे राहायचे. त्या खणांत देशाचा सगळा मोबाइल बाजार शेजारी शेजारी पडलेला असतो. काच तडकलेला, मागचे झाकण रबराने आवळलेला सात हजारांचा फोन एका खणात आणि दीड लाखाचा दुसऱ्यात. दोघांचेही मालक पुढच्या फोनची वाट पाहत असतात. दीड लाखवाल्याला तो दुमडणारा हवा असतो, सात हजारवाल्याला निदान दिवसभर टिकणारा. बाजारात ऐकू येतो तो पहिल्याचा आवाज. दुसऱ्याच्या माथी येत्या वर्ष-दोन वर्षांत काय येऊ घातले आहे, याकडे ना सरकारचे पुरेसे लक्ष आहे, ना ग्राहकांच्या संघटनांचे. म्हणून वेळेत ओरडणे भाग आहे.

नव्या मॉडेलची वाट पाहणे हा आता बारमाही उत्सव झाला आहे. फोन दुकानात यायच्या सहा-आठ महिने आधी त्याच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्याची चित्रे फुटतात, मग रंग फुटतात, शेवटी किंमत फुटते. फुटतात की फोडली जातात, हे विचारायचे नसते. ॲपलच्या दुमडणाऱ्या आयफोनबद्दल कंपनीने चकार शब्द काढण्याआधीच लोकांनी त्याच्या बिजागरीच्या टिकाऊपणावर तासन्‌तास वाद घातले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ विक्रीला आला, त्या सकाळी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानाबाहेर रांगेतच हाणामारी झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. त्या मालिकेतला सर्वांत महाग फोन २ लाख २९ हजार ९०० रुपयांचा आहे. देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आसपास. म्हणजे सरासरी भारतीयाने वर्षभर अन्नपाणी सोडून पैसा साठवला, तरी हा फोन त्याच्या हातून निसटतोच. पण ती चिंता आमची नाही. हौसेला मोल नसते, ज्याला परवडते त्याने घ्यावा.

चिंता आहे ती ज्यांच्यासाठी फोन हौस नाही, पोटापाण्याचे हत्यार आहे, त्यांची. काशीत असे लोक बहुसंख्य आहेत. दशाश्वमेधापासून अस्सीपर्यंत नावाडी क्यूआर कोड जवळ बाळगतात. भाडे फोनवर ठरते आणि पैसेही फोनवर येतात. मदनपुरा, अलईपुरा, पीलीकोठी, लोहता इथल्या विणकराच्या मागावरच्या साडीचा फोटो व्यापाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला गेल्याशिवाय पुढचा सौदा हलत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी पुरोहितांना महाराष्ट्रातला यजमान गाडीत बसण्याआधी गोत्र आणि तिथी व्हॉट्सॲपवर कळवतो. बनारस हिंदू विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा अर्ज, शुल्क, वेळापत्रक, शिष्यवृत्ती, सगळे त्याच पडद्यावर. या माणसांना पुढच्या फोनकडून हवे असते ते फार साधे. भर उन्हात पडदा दिसावा, संध्याकाळच्या आरतीपर्यंत बॅटरी पुरावी, ऐन वेळी ‘स्टोरेज फुल’ म्हणून अडू नये, चार्जिंगची पिन सैल झाली तर थोडक्या पैशांत बदलून मिळावी. नव्या मॉडेलच्या जाहिरातीत यातली एकही गोष्ट सापडत नाही. तिथे असतो चंद्राचा फोटो.

उन्हाचेच घ्या. ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्या आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायचे म्हणून सांगतात. काशीत मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे जातो आणि घाटाच्या दगडी पायऱ्यांवर त्याहून वर. म्हणजे कंपनीच्या पुस्तकानुसार एप्रिल ते जून या काळात काशीतल्या कोणी दुपारी फोन बाहेर काढूच नये. नावाड्याने मग काय करावे? भारत हा जगातल्या सर्वांत मोठ्या मोबाइल बाजारांपैकी एक. वर्षाला साधारण १५ कोटी स्मार्टफोन इथे खपतात. तरी ‘हा फोन ४५ अंशांतही नीट चालेल’ असे छातीठोकपणे सांगून कोणी जाहिरात केल्याचे आठवत नाही. आपण तसे कधी मागितलेही नाही. पुढच्या मॉडेलकडून काय अपेक्षा ठेवायच्या, याची यादीसुद्धा आपण कंपन्यांकडूनच घेतो आणि मग ती पुरी झाली की टाळ्या वाजवतो.

गरिबाच्या अपेक्षांवर स्वार होण्याचे प्रयोग याआधी झाले आहेत आणि त्यांतला एक तर उत्तर प्रदेशातलाच. नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीत ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन जाहीर केला. किंमत २५१ रुपये. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना निमंत्रण होते, ते गेले नाहीत. आधी वाराणसीचे खासदार राहिलेले मुरली मनोहर जोशी मात्र व्यासपीठावर होते. दुसऱ्या दिवशी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोसळले. सात कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदवल्याचा दावा कंपनीने केला. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव होते आणि ते व्हाइटनरने झाकलेले होते. मुंबईचे खासदार किरीट सोमय्या यांनी तेव्हाच घोटाळ्याचा संशय बोलून दाखवला. वर्षभरात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कंपनीच्या संचालकाला गाझियाबाद पोलिसांनी फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक केली. त्या सात कोटींच्या दाव्यात हवा किती होती ते बाजूला ठेवू. पण २५१ रुपयांत स्मार्टफोन मिळत नाही, हे कळण्याइतके लोक शहाणे नव्हते असे नाही. त्यांना तो मिळावा असे फार वाटत होते.

दुसरा प्रयोग प्रामाणिक होता, म्हणून अधिक बोलका. २४ जून २०२१ रोजी रिलायन्सने गुगलच्या साथीने ‘जिओफोन नेक्स्ट’ची घोषणा केली. गणेशचतुर्थीला येणार म्हणून सांगितलेला तो फोन चिपच्या टंचाईमुळे दिवाळीवर गेला. ६ हजार ४९९ रुपये किंमत, नाही तर १ हजार ९९९ भरून बाकीचे हप्त्याने. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या कोट्यवधींना तो स्मार्टफोनवर आणणार, असे वातावरण होते. तसे काही झाले नाही. दोन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच कंपनीने ९९९ रुपयांचा बटणांचा ‘जिओ भारत’ आणला आणि देशात अजून २५ कोटी लोक टूजीवर अडकलेले आहेत, असे सांगितले. चिपचा तुटवडा पडला की पहिला फटका स्वस्त फोनला बसतो, हा त्या दिवाळीचा धडा होता. तो आज पुन्हा काढायची वेळ आली आहे.

कारण तुटवडा परत आला आहे आणि या वेळी त्याचे कारण साथीचा रोग नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव झपाट्याने चढले. जगातली बहुतेक डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी विशेष मेमरी त्यांना जास्त नफा देते, आणि ती बनवायला तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीपेक्षा साधारण तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. कारखाने तेवढेच, सिलिकॉनच्या चकत्या तेवढ्याच. साहजिकच फोनच्या वाट्याची मेमरी आटली. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा अनेक वर्षांचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा वारा कुठला आहे ते स्पष्ट झाले. शाओमीसारख्या स्वस्त फोनांवर मोठ्या झालेल्या कंपनीनेही मेमरीच्या भावांमुळे किमती दाबून ठेवणे कठीण असल्याची कबुली दिली आहे.

दीड लाखाच्या फोनमध्ये मेमरीचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान हिस्सा असतो. दोन-तीन हजार वाढले तरी गिऱ्हाईक तेवढे मनावर घेत नाही. दहा हजारांच्या फोनचे तसे नाही. तिथे कंपनीपुढे दोनच वाटा उरतात. किंमत वाढवा, नाही तर मेमरी कापा. बहुतेकदा दोन्ही थोडे थोडे केले जाते आणि खोक्यावर नवा आकडा, नवा रंग आणि ‘एआय’ ही दोन अक्षरे छापली जातात. पुढच्या मॉडेलची वाट पाहणाऱ्या विणकराच्या पोराला, थोडक्यात, जुन्याहून महाग आणि जुन्याहून मंद फोन मिळण्याची शक्यता बरीच आहे. दरवर्षी तेवढ्याच पैशांत आधीपेक्षा बरा फोन मिळतो, या पंधरा वर्षांच्या सवयीवर आपल्या सगळ्या अपेक्षा उभ्या आहेत. ती सवय मोडू लागली आहे आणि हे त्याला सांगायला कोणी पुढे आलेले नाही. सरकारने यात आपला हिस्सा सोडलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वातानुकूलन यंत्रे आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर उतरले, तेव्हा मोबाइल होता तिथेच राहिला. घाटावरच्या माणसाला एसीपेक्षा फोन कमी गरजेचा आहे, असे कर परिषदेला वाटत असेल तर तिने एकदा जूनमध्ये काशीला जाऊन यावे. तिथे त्याच्याकडे एसी नसतो, फोन असतो.

महाग फोन घ्यायचा कसा, याचे उत्तर दुकानात तयार असते. आधार कार्ड, एक सेल्फी, थोडे डाउन पेमेंट आणि उरलेले ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. होम क्रेडिट फायनान्सच्या २०२४ मधल्या पाहणीनुसार मोबाइलसह घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंची एक तृतीयांशाहून अधिक खरेदी अशा छोट्या कर्जांवर होते. कर्ज थकले तर पूर्वी वसुलीवाला दारात यायचा. आता फोनमध्येच आधी घातलेल्या ॲपने तो दुरून बंद करता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये कर्जदात्यांना हा प्रकार थांबवायला सांगितले होते. मात्र कर्जदाराची आधी संमती घेऊन आणि त्याच्या खासगी माहितीला हात न लावता अशी कुलूपबंदी करू द्यावी, असा विचार रिझर्व्ह बँक करत असल्याची बातमी सप्टेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने दिली.

बँकांची बाजू आम्हाला कळत नाही असे नाही. लहान कर्जे बुडतात आणि त्यांची वसुली महागात पडते. पण फ्रिजचा हप्ता थकला म्हणून कोणी घरातली सगळी वीज तोडत नाही. नावाड्याचा फोन बंद झाला की त्याच क्षणी त्याचे भाडे बंद होते, पैसे येण्याचा मार्ग बंद होतो, रेशनचा आणि बँकेचा ओटीपी बंद होतो; मग हप्ता तो भरणार कशातून? संमतीचे म्हणावे तर, दुकानाच्या काउंटरवर इंग्रजीत आलेल्या दहा पानांखाली ‘ओके’ दाबणे याला संमती म्हणणे ही थट्टा आहे. पुढचे मॉडेल महाग, ते महाग म्हणून कर्जाचे, आणि कर्जाचे म्हणून दुसऱ्याच्या हातात कुलूप असलेले. ही साखळी पुरी व्हायच्या आत तोडायला हवी.

आता या सगळ्यातली चीड आणणारी गोष्ट. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनला काही अटी पाळाव्या लागतात. त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरची अद्यतने द्यायची. सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवायचे आणि ते मागणीनंतर ठरलेल्या दिवसांत पोहोचवायचे. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरली पाहिजे. कंपनीबाहेरच्या कारागिरालाही दुरुस्तीला लागणारी माहिती आणि सॉफ्टवेअर मिळाले पाहिजे. आणि हा फोन दुरुस्तीला किती सोपा आहे याची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी खोक्यावर छापली पाहिजे. फ्रान्सने तर दुरुस्ती-गुणांक १ जानेवारी २०२१ पासूनच लागू केला होता.

हे फोन बनतात कुठे? त्यांतले बरेच आपल्याकडेच. ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान मोदी आणि दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी नोएडात सॅमसंगचा कारखाना सुरू केला, तो जगातला सर्वांत मोठा मोबाइल कारखाना म्हणून गाजवला गेला. आयफोन श्रीपेरुम्बुदूरला जुळतात, होसूरला जुळतात. २०१४-१५ मध्ये १८ हजार कोटींचे असलेले देशातले मोबाइल उत्पादन २०२४-२५ मध्ये ५ लाख ४५ हजार कोटींवर गेले, निर्यात २ लाख कोटींवर. अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. पण त्याच कारखान्यांतून निघालेला फोन नेदरलँड्समध्ये उतरला की त्याच्याबरोबर सात वर्षांच्या सुट्या भागांचा हक्क जातो, आणि वाराणसीत गोदौलियाच्या चौकात उतरला की त्याच्याबरोबर एक वर्षाची वॉरंटी आणि मोफत टफन ग्लास येतो. युरोपच्या माणसाला हमी मिळते ती तिथल्या सरकारने मागितली म्हणून. आपण मागितले ते कारखाने, आणि ते मिळाल्यावर थांबलो.

गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस-२४ पासून सात वर्षांच्या अद्यतनांचे वचन दिले आहे, हे खरे. पण तो वरचा मजला. दहा-बारा हजारांच्या फोनांना अनेकदा दोन-चार वर्षांत वाऱ्यावर सोडले जाते. अद्यतन थांबलेल्या फोनवर बँकेचे ॲप चालवणे म्हणजे काय, हे सायबर पोलीस ठाण्यात बसलेल्यांना विचारावे. कर्जाचे हप्ते आणि सुरक्षेची मुदत जवळपास एकदमच संपावी अशी ही रचना आहे. ज्या शहरातून आणलेला लग्नाचा शालू मराठी घरात आईकडून लेकीकडे जातो, विरला तर रफू होऊन पुन्हा नेसला जातो, त्याच शहरातल्या विणकराने साडीच्याच किमतीचा फोन तीन वर्षांत टाकून द्यावा, ही अपेक्षा त्याच्याकडून कोणी ठेवली?

टाकून देण्याआधी त्याच्यापाशी आजवर एक सोय होती. तिचे नाव दालमंडी. चौक आणि नई सडक यांच्यामधली ही अरुंद गल्ली एके काळी गाण्या-बजावण्याची होती. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे घर तिच्यापासून जवळच, सराय हड़ह्यात. अलीकडची दालमंडी ओळखली जाते ती पूर्वांचलाचा घाऊक बाजार म्हणून, आणि त्यात मोबाइलचे सुटे सामान ठळक. डिस्प्ले, बॅटऱ्या, चार्जिंगच्या पिना, कव्हरे. मुंबईकरांना मनीष मार्केट किंवा पुणेकरांना तापकीर गल्ली माहीत आहे, त्याच जातीचा हा बाजार. अशा बाजारांतला कारागीर हीट गनने काच सोडवतो, भिंगाखाली मदरबोर्डावरची मिरीएवढी आयसी उचलून दुसरी बसवतो आणि कंपनीच्या केंद्रात ‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून परत पाठवलेला फोन तासाभरात चालू करून देतो. भारतात दुरुस्तीचा कायदा नव्हता तेव्हाही दुरुस्तीचा हक्क होता, तो या लोकांच्या बोटांमुळे.

विश्वनाथ मंदिराकडे जाणारी वाट मोठी करण्यासाठी दालमंडीचे रुंदीकरण ठरले, २ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि वर्ष संपायच्या आत इमारती पाडायला सुरुवातही झाली. रस्ता हवा की नको हा वाद काशीकरांचा आहे. भाविकांची गर्दी खरी आहे आणि चिंचोळ्या गल्लीतल्या चेंगराचेंगरीचे भयही खरे. आम्ही एवढेच विचारतो की मोबदल्याच्या हिशेबात भिंती मोजल्या जात असताना तिथल्या कौशल्याची नोंद कुठल्या रकान्यात होते? भाड्याच्या चार फुटी टपरीत बसणाऱ्या कारागिराच्या नावावर ना जागा असते, ना कागद. दुकानदार दुसरीकडे जाईल. पण घाऊक सामान, जुने बोर्ड आणि ज्याला अडले की विचारायचे ते शेजारचे उस्ताद एकाच गल्लीत असणे, ही गोष्ट कुठल्याही नव्या संकुलात गाळे वाटून उभी राहत नाही.

आणि बुलडोझर नसता आला तरी कारागिराचा गळा दुसरीकडून आवळला जातच होता. नव्या फोनांत पडदा, बॅटरी, कॅमेरा यांना सॉफ्टवेअरने मदरबोर्डाशी जखडलेले असते. अस्सल भाग दुसऱ्या अस्सल फोनमधून काढून बसवला तरी फोन कुरकुरतो, इशारे दाखवतो, कधी एखादी सोय बंद ठेवतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या जखडण्याला मनाई केली. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचे पोर्टल निघाले, त्यावर कंपन्यांच्या सेवाकेंद्रांची माहिती मिळते. दालमंडीतल्या कारागिराला त्याचा उपयोग शून्य.

याच काशीत जन्मलेले आणि इथल्याच ‘आज’ दैनिकाचे संपादक झालेले बाबूराव विष्णु पराडकर यांनी १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात बोलताना एक भाकीत केले होते. पुढे वृत्तपत्रे देखणी होतील, छपाई सुंदर होईल, चित्रे येतील, खप वाढेल. पण ती धनिकांच्या हाती जातील आणि संपादकाला आजचे स्वातंत्र्य उरणार नाही, असा त्याचा आशय. आमच्या धंद्याबद्दल ते किती खरे ठरले याची चर्चा इथे नको, अंगाशी येईल. फोनबद्दल मात्र ते शंभर टक्के खरे ठरते आहे. दर नवे मॉडेल अधिक देखणे, अधिक पातळ आणि ज्याने विकत घेतले त्याच्या ताब्यात अधिक कमी.

जुना फोन जातो कुठे, हेही पाहायला हवे. २०२३-२४ मध्ये देशात साडेसतरा लाख टनांहून अधिक ई-कचरा निघाला. उत्तर प्रदेशात त्याचे एक मोठे ठिकाण मुरादाबाद. तिथे सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून, दळून धातू काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला आणि उरलेली काळी राख रामगंगेच्या काठावर साठली. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला तिथे घातक कचरा टाकणाऱ्यांना एक लाखाचा दंड लावावा लागला. रामगंगा कन्नौजजवळ गंगेला मिळते. तीच गंगा पुढे कानपूर, प्रयागराज करत काशीला येते, आणि तिच्यात लोक पहाटे डुबकी मारतात. एक्सचेंज ऑफरमध्ये दिलेल्या फोनचे पुढे काय होते, हे नव्याचे खोके उघडताना कोणी विचारत नाही.

यावर उद्योगाचे ठरलेले उत्तर आहे: अटी घातल्या की किमती वाढतील. किमती तर अटींशिवायच वाढत आहेत. वाढीव पैसे मोजायचेच असतील तर त्या बदल्यात दोन वर्षे जास्त टिकणारा फोन मिळावा, एवढे मागण्यात कोणते अर्थशास्त्र कोसळते? युरोपसाठी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि अद्यतने यांची व्यवस्था कंपन्यांनी केलीच आहे. ती इकडे लागू करायला नवा शोध लावायचा नाही.

तयारी सरकारकडेही आहे. ग्राहक व्यवहार विभागाने भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली. मे २०२५ मध्ये तिने दुरुस्ती-गुणांकाचा आराखडा दिला. फोन उघडायला किती सोपा, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी वेळात येतात का, अद्यतने किती काळ, हत्यारे कोणती लागतात, स्क्रू आणि जोड कसे आहेत, असे सहा निकष त्यात आहेत. हे काम चांगले झाले आहे. मात्र दुकानात हातात घेतलेल्या खोक्यावर असा गुणांक आम्हाला अजून दिसलेला नाही. तो सक्तीचा करताना आणखी तीन गोष्टी कराव्यात. हा फोन किती अंश उष्णतेपर्यंत चालेल ते देवनागरीत आणि मोठ्या अक्षरांत छापावे. १५ हजारांखालच्या फोनलाही किमान पाच वर्षे सुरक्षा-अद्यतने सक्तीची करावीत. आणि कर्जाचा हप्ता थकला तरी कॉल, यूपीआय आणि ओटीपी बंद करता येणार नाहीत, असे रिझर्व्ह बँकेने आपल्या नियमात निःसंदिग्ध लिहावे. दालमंडीच्या कारागिरांची नोंद वाराणसीच्या पालिकेने तोडकाम पुरे होण्याआधी करावी. नंतर ती करायला माणसे सापडणार नाहीत.

दसरा-दिवाळीच्या विक्रीसाठी कंपन्या आपले फोन उन्हाळ्यातच ठरवतात आणि पावसाळ्यात कारखान्याला लावतात. एकदा माल खोक्यात गेला की त्या वर्षासाठी विषय संपतो आणि पुढची वाट पाहणे सुरू होते. सहा निकष लिहून झाले आहेत, कारखाने आपल्याच भूमीवर आहेत, युरोपचा नमुना समोर आहे. बाकी राहिली आहे ती एक अधिसूचना, आणि ती काढण्याची तारीख या उन्हाळ्यातली असायला हवी.